आधी गळती, मग साठवण : शेतीतील कर्बाचा हिशेब

हवामानबदलाच्या चर्चेत शेतीचे स्थान गेल्या दोन दशकांत पालटले आहे. पूर्वी ती बदलत्या पावसाची बळी एवढ्याच नात्याने या चर्चेत येई. आता ती हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा स्रोत म्हणून आरोपीही ठरते आणि हवेतील कर्ब पोटात घेणारे कोठार म्हणून तारणहारही. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथील हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने जो ‘हजारी चार’ उपक्रम पुढे केला, त्याने या दुसऱ्या भूमिकेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. जमिनीतील सेंद्रिय कर्ब दरवर्षी हजारी चार या दराने वाढवता आला, तर मानवी व्यवहारातून हवेत साचणाऱ्या कर्बाच्या मोठ्या हिश्शाची भरपाई होईल, असा त्यामागचा विचार होता. तेव्हापासून ‘कर्ब साठवणारी शेती’ हा शब्दप्रयोग सरकारी योजनांपासून खासगी कंपन्यांच्या पत्रकांपर्यंत सर्वत्र रुळला आहे. परंतु साठवण आणि उत्सर्जनातील कपात या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या जाऊ लागल्यामुळे त्यांच्यातील मूलभूत फरक दृष्टीआड होतो. शेतातून होणारी वायूंची गळती थांबवणे हे निश्चित आणि कायमचे काम आहे, तर जमिनीत कर्ब साठवणे हे संथ, मर्यादित आणि उलटू शकणारे काम आहे; म्हणून धोरणात आणि पैशाच्या वाटपात पहिल्याला अग्रक्रम मिळाला पाहिजे, आणि दुसरे जमिनीच्या भल्यासाठी करायचे असले तरी त्यावर कारखान्यांच्या धुराचा हिशेब मिटवता कामा नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम साठवणुकीची प्रक्रिया पाहिली पाहिजे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातून मुळे, खोड, पाने व दाणे घडवतात. वाळलेल्या वनस्पतीच्या वजनात ४० ते ४५ टक्के कर्ब असतो. धान्य घरात जाते, आणि मुळे, धसकटे, पालापाचोळा व शेणखत या रूपाने जो भाग जमिनीत राहतो, त्यावर सूक्ष्मजीव जगतात. त्यांच्या श्वसनातून त्यातील बहुतेक कर्ब एक-दोन वर्षांत पुन्हा हवेत जातो. उरलेला अल्प अंश मातीच्या बारीक कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतो आणि त्यालाच व्यवहारात सेंद्रिय कर्ब म्हटले जाते. जगातील जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन कर्ब असल्याचे अंदाज आहेत, म्हणजे वातावरणातील कर्बापेक्षाही कितीतरी अधिक. मात्र हा साठा एका बाजूने भरणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने पाझरणाऱ्या हौदासारखा आहे. त्याची पातळी आवक आणि पाझर यांच्या तोलावर ठरते. उष्ण कटिबंधात, जिथे उन्हाळ्यात उघडी पडलेली माती भाजून निघते आणि पहिल्या पावसासरशी सूक्ष्मजीवांची उपासमार संपते, तिथे हा पाझर समशीतोष्ण देशांपेक्षा वेगाने होतो. महाराष्ट्रातील माती परीक्षणाच्या अहवालांत सेंद्रिय कर्ब वारंवार अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आढळतो, त्यात हवामानाचा हा वाटा आहे. शेतकऱ्याच्या हेळसांडीचे माप म्हणून त्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

हौदाला काठ असतो, ही दुसरी मर्यादा. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात १८४३ पासून चालू असलेल्या प्रयोगात गव्हाच्या एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत दिले जाते. त्या तुकड्यातील कर्ब खत न दिलेल्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. पण वाढ सुरुवातीच्या दशकांत जोमदार होती आणि पुढे ती मंदावत गेली, कारण साठा वाढला की सूक्ष्मजीवांचे खाद्यही वाढते आणि आवक व पाझर पुन्हा बरोबरीला येतात. खत तोडल्यास तोच साठा उतरणीला लागतो. याचा अर्थ असा की साठवणुकीचा लाभ काही दशकांपुरता मिळतो, तो राखण्याचे कष्ट मात्र पुढच्या पिढ्यांनाही करावे लागतात.

भारतातील कोरडवाहू शेतीसाठी अधिक जवळचा दाखला हैदराबादजवळील पटनचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत मिळतो. तिथल्या काळ्या जमिनीवर १९७६ पासून दोन पद्धतींची तुलना चालू आहे. एका बाजूला खरिपात जमीन पड ठेवून रब्बीत पीक घेण्याची जुनी रीत, आणि दुसऱ्या बाजूला रुंद सरी-वरंबे, खरिपापासूनच जमिनीवर पीक, तुरीसारखे द्विदल आंतरपीक आणि मोजकी रासायनिक खते अशी सुधारित रीत. सुधारित पद्धतीत धान्याचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले, आणि चोवीस वर्षांनंतर १२० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीत हेक्टरी सुमारे सात टन कर्ब अधिक आढळला. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या काळ्या जमिनींशी साम्य असलेल्या या मातीने दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली अशी की कर्ब वाढतो तो मुख्यतः अधिक वाढलेल्या पिकांच्या मुळांतून, त्यामुळे उत्पादकता आणि साठवण यांत वैर नाही, आणि बेतशीर रासायनिक खत हा सेंद्रिय कर्बाचा शत्रूही नाही. दुसरी अशी की सर्व काही नीट केले तरी वेग वर्षाला हेक्टरी सुमारे ३०० किलो कर्ब, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत साधारण १.१ टन, एवढाच राहिला.

हा आकडा हाताशी ठेवून गळतीकडे वळावे. शेतीच्या उत्सर्जनात कार्बन डायऑक्साइडपेक्षा दोन वायू महत्त्वाचे आहेत. पाणथळ भातखाचरांतून, गुरांच्या पोटातून आणि कोंडलेल्या शेणातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवतो. नत्रयुक्त खतांवर मातीतील जिवाणूंची क्रिया होऊन निघणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट अडवतो आणि शतकाहून अधिक काळ हवेत राहतो. आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीत दिलेल्या नत्राच्या सुमारे एक टक्का नत्र या वायूच्या रूपाने थेट निसटते असे धरले जाते. उसाच्या खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातून सुमारे चार किलो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जवळजवळ १.१ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. पटनचेरूच्या हेक्टरभर जमिनीने वर्षभर खपून जेवढे साठवले, तेवढेच उसाच्या एका हेक्टरातील खत एका हंगामात हवेत सोडते. युरिया तयार करताना जळणारा नैसर्गिक वायू आणि पाणी उपसणाऱ्या पंपांची वीज यांचा तर यात समावेशच नाही, कारण राष्ट्रीय गणनेत ती शेतीच्या खात्यावर न पडता उद्योग आणि ऊर्जा यांच्या खात्यावर जाते. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के सांगितला जातो, तो या वजाबाकीनंतरचा आहे.

साठवण आणि गळती यांतील खरा भेद येथे स्पष्ट होतो. या वर्षी न निसटलेला नायट्रस ऑक्साइड पुढच्या वर्षीच्या दुष्काळाने, जमिनीच्या विक्रीने किंवा पीकबदलाने परत हवेत येत नाही. ती बचत पक्की असते. मातीत साठलेला कर्ब मात्र दोन-तीन दुष्काळी वर्षांत आणि अधिक खोल नांगरटीत ओसरू शकतो. शिवाय नत्राच्या गळतीवरचे उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत. युरिया फोकून देण्याऐवजी पाभरीने पेरून देणे, एकाच वेळी न देता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांनी देणे आणि ठिबकमधून विद्राव्य खत सोडणे हे त्यांतील काही. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल रोवल्या जातात आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात मिसळला जातो. नत्राचा अपव्यय टाळण्याची ही पद्धत ‘कार्बन क्रेडिट’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामागेही नत्र सावकाश सुटावे हाच हेतू होता. मात्र ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळत असताना जपून वापरण्याची प्रेरणा क्षीण राहते, आणि संतुलित खतांवरील खर्च त्या मानाने जड वाटतो. ही विसंगती शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही.

उसाच्या पाचटाचा प्रश्न साठवण आणि गळती यांची गुंतागुंत सर्वांत चांगली उलगडतो. तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट शेतात पडते, आणि ते पेटवून देण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली. जाळण्याविरुद्धचा प्रचार अनेकदा असे सुचवतो की दहा टन पाचट राखले म्हणजे त्यातील चार टन कर्ब जमिनीत गेला. वस्तुस्थिती अशी की कुजतानाही त्यातील बहुतांश कर्ब हवेतच जातो. उष्ण हवामानात मागे राहणारा हिस्सा एक-पंचमांशाहूनही कमी असतो. पाचट न जाळण्याचे खरे समर्थन वेगळे आहे. जाळताना निघणारा मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी टळते, पाचटातील नत्र व गंधक वाचते, आच्छादनामुळे पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि त्याबरोबर उपशाची वीजही वाचते. या सर्व बचती पक्क्या आहेत, कर्बाची भर हा त्यांवरचा वरकड लाभ आहे.

पाचट कुजवण्याच्या कृषी विद्यापीठीय शिफारशीतच आणखी एक धडा दडलेला आहे. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकावेत, असे ती सांगते. पाचटात कर्ब विपुल आणि नत्र अत्यल्प असल्याने जिवाणूंना बाहेरून नत्र पुरवावे लागते, नाहीतर ते उसाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. मातीत टिकणाऱ्या सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण बारास एक असते, म्हणून एक टन कर्ब कायम करायचा तर सुमारे ८० किलो नत्र, आणि त्याखेरीज स्फुरद व गंधकही, त्यात अडकवावे लागते. कर्ब हवेतून फुकट मिळतो, त्याला बांधून ठेवणारे नत्र फुकट मिळत नाही. ते युरियातून आणले तर नायट्रस ऑक्साइडचा काही भार सोबत येतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून आणले तर ते कारखान्याशिवाय आणि बरेचसे गळतीशिवाय येते. साठवणुकीच्या कोणत्याही गंभीर योजनेत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि ताग किंवा धैंचा यांसारखी हिरवळीची खते केंद्रस्थानी असली पाहिजेत, ती याच कारणाने.

भाताचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे गळतीचे मूळ पाण्यात आहे. खाचरात पाणी साचून मातीतला प्राणवायू संपला की मिथेन तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि हा वायू भाताच्या पोकळ खोडांतून वर येतो. पाणी आलटून-पालटून भरणे व सुकवणे हा त्यावरचा जगभर शिफारस होणारा उपाय असून त्याने मिथेन साधारण एक-तृतीयांश ते निम्म्याने घटतो. परंतु तो पाण्यावर हुकमत असलेल्या कालव्याखालच्या प्रदेशासाठी आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणात जुलै महिन्यात खाचर सुकवण्याचा सल्ला निरर्थक ठरतो. रायगड जिल्ह्यातील नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्राचे महत्त्व येथे आहे. त्यात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकला जातो, चिखलणी आणि लावणी वगळली जाते, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवली जातात आणि पुढचे पीक न नांगरता घेतले जाते. पाणी सरीत उतरल्याने मुळांभोवतीची माती हवेशीर राहते आणि मिथेनच्या निर्मितीचे कारणच दुबळे होते. या तंत्रात तणांसाठी तणनाशकांचा आधार घ्यावा लागतो, हा त्याचा उणा भाग आहे; त्याची चर्चा टाळून केलेली भलामण त्या तंत्राच्याही हिताची नाही.

विनानांगरणीच्या शेतीबद्दलही असाच तारतम्याचा विचार हवा. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांच्यासारख्यांनी तिचा पुरस्कार अनुभवाच्या बळावर केला असून जमिनीची धूप, डिझेल आणि मशागतीचा खर्च या तिन्ही आघाड्यांवर तिचे लाभ निर्विवाद आहेत. कर्बाच्या बाबतीत मात्र जगभरातील अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासांनी असे दाखवले की न नांगरलेल्या जमिनीत वरच्या दहा-वीस सेंटिमीटरांत कर्ब वाढतो, पण खालच्या थरांत तो कित्येकदा घटलेला असतो. फक्त वरचा थर तपासला तर जागाबदल हीच वाढ भासते.

जागाबदलाचा हाच मुद्दा सेंद्रिय खतांनाही लागू पडतो. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रानावनातील पालापाचोळा आणि जीवजंतूंचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येई, हे नोंदवून जंगल खात्याने गुरचराईवर घातलेल्या बंधनांवर टीका केली होती. शेताची सुपीकता शेताबाहेरच्या जमिनीवर उभी असते, ही त्यातील जाण आजच्या हिशेबांत हरवली आहे. कोकणात राब भाजण्यासाठी वरकस जमिनीवरील झाडांचा टहाळ तोडून भातरोपांच्या वाफ्यावर जाळला जातो. गायरानात चरलेल्या जनावरांचे शेण एखाद्या बागायतीत पडते. एका शेतातील कर्ब वाढताना दुसऱ्या जमिनीतील तेवढाच घटत असेल, तर हवेला त्याचा उपयोग शून्य आहे. त्याचप्रमाणे ज्याला ‘शेतातील टाकाऊ अवशेष’ म्हटले जाते ते बहुधा टाकाऊ नसते. ज्वारीचा कडबा बैलांच्या दावणीला जातो, तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत जातात. १९२०च्या दशकात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कपाशीच्या टणक पऱ्हाट्यांपासूनही कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. इतकी जुनी विद्या खेड्यांत सार्वत्रिक झाली नाही याचे कारण अज्ञानापेक्षा मजुरी, पाणी आणि इंधनाची गरज यांत शोधावे लागते. घरात स्वयंपाकाचा गॅस परवडला तरच पऱ्हाटी शेतात राहील.

झाडांची साठवण त्या मानाने अधिक ठोस आहे, कारण लाकूड डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि त्याची मुळे नांगराच्या खाली जातात. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने महाराष्ट्रात वरकस आणि हलक्या जमिनींवर आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ यांची झाडे उभी केली. ती योजना रोजगार आणि उत्पन्न यांसाठी होती. कर्बाचा विचारही तिच्या मागे नव्हता, तरीही तिने जे साठवले ते टिकले, कारण ती झाडे तोडण्यात शेतकऱ्याचा तोटा होता. टिकाऊ साठवणुकीचे मर्म यातच आहे. गुरांच्या पोटातील मिथेन हा भारतीय शेतीच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा घटक असला, तरी तिथेही हाच न्याय लागू आहे. सकस चारा आणि पशुआरोग्य यांमुळे दर लिटर दुधामागचा मिथेन घटतो, आणि शेण उघड्या खड्ड्यात कोंडण्याऐवजी गोबरगॅस संयंत्रात गेले तर तोच वायू चूल पेटवतो.

आता पैशाचा प्रश्न. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड टळल्याचा किंवा साठल्याचा दाखला, जो उत्सर्जन करणारी कंपनी विकत घेऊ शकते. शेतीत बाहेरून पैसा येण्याचा दुसरा मार्ग दिसत नसताना हा मार्ग अडवू नये, असा या बाजाराच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे आणि तो सहज झटकण्याजोगा नाही. परंतु हिशेब पाहावा. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे; पटनचेरूचा वेग गृहीत धरला आणि टनाला हजार रुपये भाव कल्पिला, तरी शेतकऱ्याच्या हाती वर्षाला सुमारे दीड हजार रुपये येतील, तेही मोजणी, पडताळणी आणि मध्यस्थ यांचा वाटा वजा न करता. मोजणीही सोपी नाही. हेक्टरभर जमिनीच्या ३० सेंटिमीटर थरात सुमारे ३,९०० टन माती असते आणि कर्बाच्या टक्केवारीत एक-दशांशाचा फरक म्हणजे १४ टन कार्बन डायऑक्साइड. पण एकाच शेतात दोन ठिकाणच्या नमुन्यांत त्याहून मोठा फरक सहज आढळतो. प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत सर्व कर्ब पकडत नाही, तिला गुणकाने दुरुस्त करावे लागते. थेट जाळून मोजावे तर काळ्या जमिनीतील चुनखडीचा कर्ब त्यात मिसळतो. एवढ्या अनिश्चित मापावर वीज किंवा पोलाद कारखान्याला त्याच्या नक्की मोजलेल्या, शतकानुशतके हवेत राहणाऱ्या धुरातून मोकळे करणे हा विषम सौदा आहे. त्यात आणखी एक अन्याय आहे. तीस-चाळीस वर्षे पद्धत न बदलण्याचे बंधन अल्पभूधारकावर येते आणि दुष्काळात कर्ब ओसरला तर जोखीमही त्याच्याच माथी.

म्हणून सार्वजनिक पैसा परिणामाच्या अनिश्चित टनांपेक्षा सिद्ध झालेल्या कृतींना द्यावा, हे अधिक प्रामाणिक आहे. पाचट राखणे, द्विदल आंतरपीक घेणे, खत पेरून किंवा ठिबकमधून देणे, गादीवाफ्यावर भात टोकणे, बांधावर झाडे वाढवणे आणि गोबरगॅस चालवणे या प्रत्येक कृतीची पाहणी गावपातळीवर होऊ शकते आणि तिचा लाभ कर्बाचा भाव कोसळला तरी उरतो. युरियावर खर्च होणाऱ्या अनुदानाचा काही भाग या कृतींकडे टप्प्याटप्प्याने वळवला, तर शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम कार्बन बाजाराच्या आश्वासनापेक्षा खात्रीची असेल. जमिनीतील कर्ब वाढलाच पाहिजे, कारण त्यावर पाणी मुरणे, मातीची रचना आणि कोरडवाहू पिकाचे तग धरणे अवलंबून आहे. तो शेतकऱ्याचा ठेवा आहे आणि त्याच्याच उपयोगासाठी वाढावा. हवेचे देणे फेडायचे असेल तर कारखान्यांनी आपला धूर कमी करावा आणि शेतीने आपली गळती थांबवावी. एकाने दुसऱ्याच्या नावावर हिशेब मिटवू नये.